मांजरीची पिल्ले पोत्यात घालण्यापूर्वी

खानदेशातल्या मुस्लिम मोहल्ल्यात मांजर नसलेली गल्ली सापडणे कठीण. जळगावचे तांबापुरा, मेहरूण घ्या किंवा धुळ्याचे आझादनगर, मोगलाई घ्या. पत्र्यावर, ओट्यावर, शिलाई मशीनच्या पायाशी मांजर दिसणारच. ती कुणी विकत आणलेली नसते. एके दिवशी आपणहून येते, मासळीचे डोके खाते, दुधाच्या पातेल्याभोवती घुटमळते आणि घरची होऊन जाते. मुले तिला नाव देतात. पाच-सहा महिन्यांत तीच मांजर जड पोटाने फिरू लागते आणि अम्मीच्या कपाळाला आठी पडते.

पुढचे सगळ्यांना ठाऊक असते, पण त्यावर कुणी बोलत नाही. पिल्ले डोळे उघडतात, महिन्या-दीड महिन्यात घरभर धावतात, गादीवर घाण करतात. एखादे खालाकडे जाते, एखादे शेजारी ठेवून घेतात. उरलेली दोन-तीन पिल्ले एका रात्री पोत्यात किंवा खोक्यात घालून मटण मार्केटच्या मागे, मासळी बाजारात, नाहीतर हायवेवरच्या एखाद्या ढाब्याजवळ सोडली जातात. मुलांना सांगितले जाते की तिथे त्यांना पोटभर खायला मिळेल. तिथे आधीपासून दांडगे बोके असतात, कुत्री असतात, ट्रकची चाके असतात. नुकते दूध सुटलेले पिल्लू अशा जागी किती दिवस टिकते, हे सोडून येणाऱ्यालाही कळत असते. म्हणूनच तो रात्री जातो.

कुणाला दोष द्यावा म्हणून आम्ही हे लिहीत नाही. दोन खोल्यांत सात माणसे राहतात, पाणी भरून ठेवावे लागते, कमाई रोजंदारीची किंवा मागावरची. अशा घरात पाच पिल्ले सांभाळा असे सांगणे सोपे नाही. पण पिल्ले झाल्यावर काय करायचे, हा प्रश्न उशिराचा आहे. ती होऊच नयेत याची सोय आहे आणि ती सोय गरिबाच्या हाताला का लागत नाही, हे पाहणे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते.

आधी हिशेब पाहू. मांजर साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते. एका वेताला तीन ते पाच पिल्ले होतात. पाच-सहा महिन्यांची झाली की ती माजावर येऊ शकते. खाणेपिणे चांगले असेल तर त्याआधीही. गाय-म्हशीपेक्षा तिचे शरीर वेगळे चालते. बोक्याशी संबंध आल्यानंतरच तिच्या अंडाशयातून बीज सुटते, त्यामुळे संबंध वाया जाण्याचे प्रमाण कमी. पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, हे पुष्कळांना माहीत नसते. वर्षाला दोन वेत आणि प्रत्येकी चार पिल्ले एवढेच धरले, तरी एका मांजरीमागे दरवर्षी आठ जिवांची व्यवस्था लावायची असते. त्यांतल्या निम्म्या माद्या निघाल्या तर पुढच्या वर्षाचा आकडा वाचकांनीच मांडून पाहावा.

दीन काय सांगतो

मांजराबद्दल आपल्या घरात जी माया आहे ती हदीसमधून आलेली आहे. अबू कतादा (रजि.) वुजू करत असताना मांजर आली, तेव्हा त्यांनी भांडे कलते करून तिला पाणी पिऊ दिले. सूनबाई कबशा नवलाने पाहत राहिल्या. तेव्हा त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे म्हणणे सांगितले की मांजर नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकीच आहे. ही रिवायत अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. मांजर कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला झालेल्या शिक्षेची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती तर आपल्या मुलांनाही पाठ असते. त्या स्त्रीने तिला खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंगी शोधून खायला मोकळेही सोडले नाही.

पोत्यातल्या पिल्लांचा विचार करताना मात्र आम्हाला तिसरीच हदीस आठवते. तीही अबू दाऊद यांच्या संग्रहातली. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलून आणली. ती माय पंख पसरून घिरट्या घालू लागली. प्रेषितांनी (स.) ते पाहिले, हिला पिल्लांवरून कुणी दुखावले असे विचारले आणि पिल्ले परत करायला लावली. आपल्या घरची मांजर पिल्ले नेल्यावर दोन-तीन दिवस कोपरे हुंगत, ओरडत फिरते. तो आवाज ऐकलेल्या माणसाला या हदीसचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

मग प्रश्न येतो की मांजरीचे ऑपरेशन जाइज आहे का. अनेक घरांत पैशांच्याही आधी पाऊल अडते ते इथे. अल्लाहने बनवलेल्यात आपण ढवळाढवळ करतो आहोत असे वाटते आणि ही शंका बिनबुडाची नाही. सूरह अन्-निसाच्या ११९व्या आयतीत अल्लाहच्या रचनेत बदल करण्याची चिथावणी सैतान देतो असे आले आहे आणि काही मुफस्सिरांनी त्यात जनावरे खच्ची करणे धरले आहे. इब्न उमर (रजि.) यांनाही ते नापसंत होते. दुसऱ्या बाजूला, प्रेषितांनी (स.) खच्ची केलेल्या दोन मेंढ्यांची कुर्बानी केल्याची रिवायत अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्याकडे आहे. बकरीदच्या बाजारात आपण खस्सी बकरा मुद्दाम विचारून घेतो, तेव्हा आपल्या मनात शंका येत नाही.

हनफी फिकहमध्ये यावर स्पष्ट मत आहे. फतावा आलमगिरी हा ग्रंथ सतराव्या शतकात हिंदुस्थानातच संकलित झाला. अरब देशांत त्याला फतावा हिंदिया म्हणतात. त्यात मांजराचा नाव घेऊन उल्लेख आहे. काही फायदा होत असेल किंवा त्रास टळत असेल, तर मांजर खच्ची करण्यास हरकत नाही. काहीच फायदा नसताना कुठल्याही जनावराला खच्ची करणे मात्र हराम ठरवले आहे. म्हणजे हौसेला जागा नाही, गरजेला आहे. अलीकडच्या काळात सौदी अरबस्तानातील आलिम इब्न उसैमीन यांनीही म्हटले आहे की मांजरी फार वाढून त्रास होत असेल आणि ऑपरेशनने त्यांना इजा होणार नसेल, तर हरकत नाही. मारून टाकण्यापेक्षा ते बरे. शाफई मसलकात ज्या जनावरांचे मांस खाल्ले जात नाही त्यांच्याबाबत मत कडक आहे. त्यामुळे कोकणातल्या आमच्या शाफई वाचकांनी आपापल्या आलिमांना विचारूनच पाऊल उचलावे. खानदेशात बहुतेक हनफी आहेत, तरी मनात खळखळ असेल तर मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना सरळ विचारावे. हा प्रश्न विचारण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

तीन दारे, आणि तिन्ही अर्धीच उघडी

आता पैशाकडे येऊ. खाजगी दवाखान्यात मादी मांजरीच्या ऑपरेशनला गावानुसार आणि डॉक्टरांनुसार दोन-तीन हजारांपासून पुढे खर्च येतो. मोठ्या शहरात तो सहा-सात हजारांवरही जातो. ज्या घरात महिन्याचे रेशन मोजून येते, तिथे फुकट आलेल्या मांजरीवर एवढा खर्च कोण करणार? डॉक्टर लुबाडतात असे म्हणून मोकळे होणेही बरोबर नाही. मादीचे ऑपरेशन म्हणजे पोट उघडून गर्भाशय आणि अंडाशय काढणे. त्याला भूल लागते, निर्जंतुक हत्यारे लागतात, टाके, प्रतिजैविके, वेदनाशामक लागते, मदतनीस लागतो आणि जनावर शुद्धीवर येईपर्यंत कुणीतरी शेजारी बसावे लागते. मांजरांना भूल देताना सर्रास वापरले जाणारे केटामिन हे औषध कडक नियंत्रणाखाली आहे. ते ठेवायचे तर डॉक्टरला परवाना आणि नोंदवह्या सांभाळाव्या लागतात. लहान गावातले अनेक पशुवैद्य या कटकटीत पडत नाहीत.

शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आहेतच. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वचिकित्सालय, तालुक्यांत आणि मोठ्या गावांत दवाखाने, आणि शुल्क नाममात्र. पण ही सगळी रचना शेतकऱ्याच्या पशुधनासाठी उभी राहिली. खानदेशात कापूस आणि केळीची शेती, बैलजोडी, दुधाची म्हैस, शेळ्या. सरकारी डॉक्टरचा दिवस त्यांत जातो. १९६२ या क्रमांकावर बोलावले की येणारी फिरती पशुचिकित्सा गाडीही मुख्यतः गोठ्यासाठी आहे. खच्चीकरण या दवाखान्यांना नवे नाही. पूर्वी गावात बैल बडवत. ते फार क्रूर होते. आता बर्डिझो नावाच्या मोठ्या चिमट्याने वृषणाकडे जाणाऱ्या नसा कातडीवरूनच दाबतात. रक्त नाही, टाका नाही, काही मिनिटांचे काम. मांजरीचे पोट उघडणे हे त्याच्या कितीतरी पुढचे काम आहे आणि ते करण्याइतकी साधने, सराव आणि वेळ प्रत्येक दवाखान्यात असेलच असे नाही. तरीही आमचा आग्रह आहे की आधी तिथे जाऊन विचारावे. लहान जनावरांचे ऑपरेशन करणारे डॉक्टर कुठल्या वारी असतात, हे सर्वचिकित्सालयात चौकशी केल्याशिवाय कळत नाही आणि आपली माणसे चौकशीलाच जात नाहीत.

तिसरे दार महापालिकेचे. जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका २००३ मध्ये झाल्या. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण ही त्यांची कायदेशीर जबाबदारी आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रणाचे नवे नियम काढून २००१चे जुने नियम बदलले. त्यांत रस्त्यावरच्या प्राण्यांचे काम स्थानिक संस्थेकडे आणि पाळीव प्राण्याची लस, जंताचे औषध, नसबंदी मालकाकडे, अशी वाटणी आहे. कागदावर ती योग्यच दिसते. पण मालक गरीब असेल तर काय, याचे उत्तर त्या वाटणीत नाही. तांबापुऱ्यातली मांजर एका घरची म्हणून महापालिकेची नाही, दूध देत नाही म्हणून शासकीय दवाखान्याच्या कामात मागे पडते आणि पैसे नाहीत म्हणून खाजगीत जात नाही. तिची पिल्ले पोत्यातून बाजारात पोचली की तेव्हा ती भटकी होतात आणि सार्वजनिक पैशाचा प्रश्न बनतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता बाकीच्यांना नसबंदी व लस देऊन मूळ जागी सोडावे असे सांगितले. त्यावर देशभर भांडणे झाली. पण भटकी जनावरे येतात कुठून, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. त्यांतली पुष्कळ आपल्याच घरांतून जातात.

स्वस्त कसे होते

खर्च कमी करण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने १९७१ मध्ये नगरपालिकेच्या पैशाने कमी दरातला नसबंदी दवाखाना उघडला. दरवर्षी हजारो नको असलेली जनावरे पकडून मारण्यापेक्षा आधीच ऑपरेशन करून देणे शहाला स्वस्त पडेल असा साधा हिशेब होता. आपल्या पोटावर पाय येईल म्हणून खाजगी डॉक्टर तेव्हा नाराज होते. पण जो माणूस पूर्ण फी देऊन कधी आलाच नसता तो या दवाखान्यात येत होता, त्यामुळे ही भीती आम्हाला फारशी खरी वाटत नाही. आपल्या देशात चेन्नईच्या ब्लू क्रॉस संस्थेने भटक्या कुत्र्यांना मारण्याऐवजी नसबंदी करण्याचा मार्ग १९६४ पासून मांडला.

महाराष्ट्रात तर धर्मादाय पशुवैद्यकाची परंपरा त्याहून जुनी. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ पासून आहे. पेटिट या पारशी घराण्याच्या देणगीतून ते उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच्याच आधाराने मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हात बसवायला रुग्ण मिळतात आणि गरिबाला कमी पैशांत उपचार. खानदेशातल्या मुलामुलींना मात्र पशुवैद्य व्हायचे तर वर्षानुवर्षे परभणी, नागपूर किंवा मुंबई गाठावी लागली. महाविद्यालयाशी जोडलेले मोठे रुग्णालय जवळ असले की आसपासच्या गरिबांची सोय होते. ती आपल्या वाट्याला आली नाही.

गोव्याचे उदाहरण थोडे वेगळे आहे, पण आम्हाला ते फार शिकवून जाते. तिथे मिशन रेबीज या संस्थेने राज्य सरकारबरोबर रस्तोरस्ती, घरोघर जाऊन कुत्र्यांना मोफत लस दिली; पाळीवालाही आणि भटक्यालाही. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालेले देशातले पहिले राज्य ठरले. पाळीव की भटके, मालक देऊ शकतो की नाही, हे त्यांनी दारात उभे राहून विचारले नाही. डॉक्टर दारापर्यंत गेला, हीच त्यातली मोठी गोष्ट.

नसबंदी दारात होत नाही, पण मोहल्ल्यात होऊ शकते. सरावलेला पशुवैद्य, दोन मदतनीस आणि हत्यारांचे पुरेसे निर्जंतुक संच असतील तर एका दिवसात वीस-पंचवीस मांजरींची ऑपरेशने होतात. औषधे घाऊक भावात येतात. भूल उतरण्याची वाट एका मांजरीसाठी पाहायची नसते; एकीकडे एक शुद्धीवर येते, तोवर दुसरी टेबलावर असते. छेद लहान घेतला की टाकेही कमी लागतात. एवढ्यानेच खर्च निम्म्याखाली येतो. केंद्र सरकार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळामार्फत भटक्या जनावरांच्या नसबंदीसाठी जे अनुदान देते ते २०२५ मध्ये कुत्र्यामागे ८०० आणि मांजरीमागे ६०० रुपये असे होते. अनुदान म्हणजे पूर्ण खर्च नव्हे, हे मान्य. पण घाऊक काम आणि सुटे काम यांत केवढे अंतर आहे ते या आकड्यांवरून समजते.

जळगाव-धुळ्यात हे कुणी करावे? आमच्या मते सुरुवात डॉक्टरांपासून व्हावी, मात्र सगळे ओझे त्यांच्यावर टाकून नव्हे. पशुवैद्याने महिन्यातला एक दिवस आपले कौशल्य फक्त औषधांच्या खर्चावर द्यावे. जागा आपण द्यावी. प्रत्येक मोठ्या मोहल्ल्यात शादीखाना आहे. लग्नसराई नसते तेव्हा तो बंद असतो. फरशी धुता येते, पाणी असते, लाइट गेली तर इन्व्हर्टर असतो. नावे नोंदवण्याचे काम महिला बचत गट जितके चोख करतील तितके कुणी करणार नाही, कारण कुणाच्या घरी कुठली मांजर किती वेळा व्याली हे त्यांनाच माहीत असते. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असते. तिच्याकडे लेखी अर्ज करून शासकीय डॉक्टरांची मदत मागता येते. अर्जावर मशिदीच्या ट्रस्टची आणि बचत गटाची सही असेल तर तो बाजूला पडत नाही. ६ जुलैच्या जागतिक प्राणिजन्य रोग दिनाला अनेक शासकीय दवाखाने कुत्र्या-मांजरांना रेबीजची लस मोफत टोचतात; त्या दिवशी डॉक्टरांची ओळख करून घ्यावी, शिबिराची बोलणी तिथूनच सुरू होतील.

स्वस्त म्हणजे कसेही, असे मात्र चालणार नाही. इस्लामने जनावर जिबह करतानासुद्धा सुरी धारदार हवी, त्याला कमीत कमी त्रास व्हावा असे शिकवले. मग जगवण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला तर हा नियम दुप्पट लागू. शिबिराला जाण्याआधी बिनधास्त विचारा: डॉक्टर नोंदणीकृत आहे का, पूर्ण भूल देणार का, प्रत्येक मांजरीला वेगळी हत्यारे आहेत का, दुखण्याचे इंजेक्शन देणार का, आणि रात्री काही झाले तर फोन कुणाला करायचा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ नुसार अशी शस्त्रक्रिया नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायची असते. गल्लीत इंजेक्शन टोचत फिरणाऱ्या माणसाने पोट उघडू नये. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर मांजर घेऊन घरी परत यावे.

पैसा कोणता वापरावा

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण रमजानात लोक उत्साहाने नको ते करतात. जकात माणसांसाठी आहे. हनफी मतात ती हकदाराच्या हातात, त्याच्या मालकीची करून द्यावी लागते. त्यामुळे जकातीच्या पेटीतून थेट शिबिराची औषधे आणणे बरोबर नाही. मांजर पाळणारी बेवा किंवा मजूर स्वतः जकातीला पात्र असेल, तर तिला किंवा त्याला जकात द्या. त्या पैशांचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे. शिबिराचा खर्च नफ्ल सदक्यातून चालतो. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस सर्वांना माहीत आहे. प्रत्येक जिवंत काळजामागे अज्र आहे, हा तिचा अर्थ आहे. तेराव्या शतकात इजिप्तचा सुलतान बैबर्स याने कैरोजवळची एक बाग बेवारस मांजरींसाठी ठेवली होती. पुढे सहाशे वर्षांनी, १८३०च्या दशकात, एडवर्ड लेन हा इंग्रज कैरोत राहत होता, तेव्हा ती बाग हातोहात विकली गेली होती, तरी काजीच्या कचेरीच्या अंगणात दुपारी मांजरींना खाऊ घालण्याची रीत चालू असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. मांजरीसाठी वक्फ करणाऱ्या उम्मतीला वीस मांजरींच्या भुलीचा खर्च जड जाऊ नये.

कुत्र्यांविषयीही दोन शब्द. घरात कुत्रा ठेवण्याबद्दल हदीस स्पष्ट आहेत. शेत, कळप आणि शिकार यांना सूट आहे. यावल-रावेरकडे केळीच्या बागेत, पारोळा-अमळनेरकडे शेळ्यांच्या मागे आपल्या भावांकडेही कुत्री असतात. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि एका वेळी पाच-सहा, कधी आठ पिल्ले होतात. नसबंदी न केलेल्या कुत्रीला वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. त्यात ती मरते आणि तेव्हाचे ऑपरेशन कितीतरी महाग पडते. राखणीची कुत्री नसबंदीने आळशी होते ही समजूत चुकीची. माजावर नसल्याने ती शेत सोडून जात नाही, उलट राखण जास्त करते. रेबीजची लस मात्र कुत्र्याला आणि मांजराला दोघांनाही दरवर्षी हवी. मांजर चावली किंवा ओरबाडली तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. चुना, मिरची, तेल लावत बसू नये.

मांजर न्यायची असेल तर

शिबिरासाठी खानदेशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा भूल उतरणाऱ्या जनावराला सांभाळणे कठीण. शिवाय दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात, म्हणून हिवाळ्यातच काम उरकलेले बरे. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की पहिल्या माजाआधी नेणे उत्तम. त्यामुळे पुढे सडांत गाठ होण्याचा धोकाही पुष्कळ कमी होतो. एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, नाहीतर तिला बद्दुआ लागते, असे आपल्याकडे म्हणतात. याला ना दीनचा आधार, ना डॉक्टरांचा. व्यालेली असेल तर पिल्ले दोन महिन्यांची होऊन दूध सुटू द्यावे, पण तोवर तिला रात्री घराबाहेर सोडू नये. ती पुन्हा गाभण होऊन बसते.

डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आदल्या रात्रीपासून खाणे बंद ठेवावे. लहान पिल्लाला इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, म्हणून वय नक्की सांगावे. पोत्यात घालून नेऊ नये. झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेले खोके बरे. भुलेत असताना मांजरीचे डोळे उघडेच राहतात, ते पाहून मुले घाबरतात, त्यांना आधी सांगून ठेवावे. घरी आणल्यावर जुन्या चादरीवर, उंचावर नव्हे, जमिनीवर ठेवावी. भूल पूर्ण उतरेपर्यंत पाणी-दूध पाजू नये. दहा दिवस आंघोळ नाही. जखम चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर घालावी. विकत आणणे जमत नसेल तर जुना एक्स-रे कापून होतो, किंवा मुलाच्या जुन्या बनियनला पायांसाठी भोके पाडून अंगात घालावी.

जखमेवर हळद, राख, रॉकेल काही लावू नये. डेटॉल आणि फिनेल मांजरीसाठी विषारी आहेत, त्यांनी पुसूही नये. आणि दुखत असेल म्हणून क्रोसिनची अर्धी गोळीसुद्धा देऊ नये. पॅरासिटामॉलने मांजर मरते. माणसाच्या औषधांच्या डब्यातले काहीही तिला द्यायचे नाही. कुत्र्याच्या गोचिडांची पावडरही नाही.

बोक्याचे ऑपरेशन सोपे आणि स्वस्त असते. पोट उघडावे लागत नाही, तो संध्याकाळपर्यंत चालू लागतो. त्यानंतर त्याचे भांडणे, रात्ररात्र बाहेर राहणे, भिंतींवर उग्र वासाचे मुतणे बरेच कमी होते. फक्त एक ध्यानात ठेवावे: ऑपरेशननंतरही महिना-दीड महिना त्याच्यापासून गर्भ राहू शकतो. तेवढे दिवस त्याला शेजारच्या भाटीपासून दूर ठेवावे.